पासाऊ ते व्हिएन्ना: गटाबरोबर डॅन्यूबकाठची सायकल सहल

जर्मनीतल्या पासाऊहून निघून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठाने जाणारी सायकलवाट साधारण ३२० किलोमीटरची आहे. बहुतेक वाट डांबरी आणि मोटारींपासून वेगळी. आपण नदीबरोबर खाली उतरत जातो. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर व्हिएन्ना १६० ते १७० मीटरवर. वाराही बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून. पहिल्यांदाच परदेशात सायकल चालवणाऱ्याला याहून सोपी दोन देशांची वाट मिळणं कठीण.

पण ‘सपाट आहे, जमेल की’ म्हणत सराव न करता गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी हैराण होतो. पाय दुखतात म्हणून नव्हे. बूड दुखतं, मनगटं बधिर होतात, मांड्या सोलवटतात आणि गटाच्या मागे राहिल्याचा संकोच वाटायला लागतो. या वाटेवर कस लागतो तो रोज चार-पाच तास सीटवर बसण्याचा आणि दहा-बारा जणांबरोबर एका रांगेत चालवण्याचा. खालची सगळी तयारी या दोन गोष्टींसाठी आहे.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं

नेहमीचा कार्यक्रम आठ दिवसांचा असतो: सात मुक्काम, सहा दिवस सायकल, रोज ४० ते ६० किलोमीटर. गट आठ ते चौदा जणांचा, पुढे वाटाड्या आणि सामान मुक्कामावरून मुक्कामावर नेणारी गाडी. इथे एक फरक नीट समजून घ्या. काही कंपन्यांची गाडी फक्त बॅगा पोचवते. काहींची दिवसभर गटाच्या आसपास असते आणि दमलेल्याला सायकलसकट उचलते. जाहिरातीत दोन्हीला एकच नाव असतं. ‘दुपारी दोन वाजता मला पुढे चालवता आलं नाही, तर नेमकं काय होईल?’ असं सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरा प्रश्न किमान संख्येचा. ठरावीक माणसं जमली नाहीत तर सहल रद्द होते. युरोपीय संघातल्या आयोजकाकडून घेतलेल्या पॅकेजला २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाचं संरक्षण आहे. त्यानुसार सहा दिवसांपेक्षा मोठी सहल माणसं कमी पडल्यामुळे रद्द करायची असेल, तर आयोजकाने निदान २० दिवस आधी कळवून सगळे पैसे परत द्यायला हवेत. मात्र तुम्ही वेगळं काढलेलं विमानाचं तिकीट त्यात येत नाही. म्हणून ‘सहल नक्की’ असं पत्र हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. भारतातल्या कंपनीकडून सहल घेतली तर हे संरक्षण गृहीत धरू नका, त्या कंपनीच्या अटी पाहा. शिवाय रकमेवर टीसीएस (कंपनीने आधीच गोळा करायचा प्राप्तिकर) कापला जातो. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, पण त्या वेळी पैसे बाजूला ठेवावेच लागतात.

तिसरी गोष्ट सायकलीची. आरक्षणाच्या अर्जात उंची विचारतात. उंचीसोबत पायाच्या आतल्या बाजूची लांबीही कळवा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर हे माप फारच महत्त्वाचं. तिकडच्या बऱ्याच सायकली आपल्याला मोठ्या पडतात आणि छोटी फ्रेम आधी सांगून ठेवली तरच मिळते.

ई-सायकल घ्यावी का? गुडघा कुरकुरत असेल किंवा जोडीदाराचा वेग बराच जास्त असेल तर जरूर घ्या. ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबते. पुढे सगळा जोर आपलाच, आणि सायकल २५ किलोच्या आसपास भरते. नावेत किंवा पायऱ्यांवर ती उचलणं हे दोघांचं काम. आणि बुडाचा प्रश्न मोटर सोडवत नाही, म्हणून सराव तरीही हवाच.

व्हिसा

वाटेत दोन देश असले तरी शेंगेन व्हिसा एकच लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते मुक्कामाच्या रात्री मोजून ठरतं. नेहमीच्या कार्यक्रमात पासाऊला एक मुक्काम आणि बाकी सगळे ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. पण सहलीच्या आधी म्युनिकला नातेवाइकांकडे आठ दिवस राहणार असाल तर जर्मनीच्या रात्री जास्त होतात आणि अर्ज जर्मनीकडे करावा लागतो. रात्री समसमान झाल्या तर आधी प्रवेश कराल तो देश. ही मोजणी चुकली की अर्ज नाकारला जाऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणंच अवघड असतं, म्हणून तीन महिने आधी तयारीला लागा. मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. पासपोर्ट परतल्यानंतरही तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. काही पॉलिसींमध्ये सायकल सहल ‘साहसी खेळ’ म्हणून बाहेर असते. आयोजकाकडून रोजच्या हॉटेलच्या नावापत्त्यासह पत्र मागून घ्या. ‘डॅन्यूब सहल, सात रात्री’ एवढ्या मोघम कागदावर भागत नाही.

सीमा ओलांडताना वाटेवर तपासणी नाका नाही. तरी पासपोर्ट बॅगेत टाकून गाडीत पाठवू नका, अंगावर ठेवा. जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून तपासणी सुरू ठेवली आहे आणि रेल्वेने उलट येताना ती भेटू शकते.

तिकीट शक्यतो म्युनिकला जायचं आणि व्हिएन्नाहून परतायचं असं काढा. म्युनिक विमानतळाहून पासाऊ रेल्वेने साधारण दोन तासांवर आहे. येणं-जाणं व्हिएन्नाहूनच असेल तर तिथून पासाऊला अडीच तासांच्या आसपास लागतात. एक दिवस आधी पोचा. उशिरा आलेल्या बॅगेसाठी गट थांबत नाही.

आठ आठवड्यांचा सराव

एकदाच शंभर किलोमीटर मारून येण्यापेक्षा लागोपाठ तीन दिवस पंचेचाळीस किलोमीटर चालवणं या सहलीला जास्त कामाचं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा १५ ते २० किलोमीटर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका फेरीला ३० पर्यंत जा. पाचव्या-सहाव्यात शनिवारी ४० आणि रविवारी पुन्हा ४०. रविवारी सकाळी सीटवर बसताना जे दुखतं, तेच सहलीच्या तिसऱ्या दिवशी दुखणार आहे. सातव्यात सलग तीन दिवस ४५ ते ५०. आठवा आठवडा हलका ठेवा.

मे-जूनची सहल असेल तर महाराष्ट्रात सराव भर उन्हाळ्यात येतो. पहाटे साडेपाचला निघून नऊच्या आत घरी या. सप्टेंबरच्या सहलीचा सराव पावसात होतो, आणि ते चांगलंच आहे. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक (चाकाची कड दाबून धरणारा) उशिरा लागतो, तो अंदाज हाताला घरीच येतो. पावसात सायकल चालवायची सवय हवीच, कारण तिकडे रिमझिम पावसात गट थांबत नाही.

सराव करताना सहलीत घालणार त्याच कपड्यांत करा. पॅडची चड्डी आतल्या कपड्याशिवाय, थेट अंगावर घालायची असते. आत अंडरवेअर घातलं की त्याची शिवण काचते आणि पॅडचा उपयोग संपतो. मांड्यांच्या सांध्यात आधीच व्हॅसलीन किंवा चॅफिंग क्रीम लावा, सोलवटल्यावर नव्हे. चड्ड्या तीन न्या. रात्री धुतलेली चड्डी कोरड्या टॉवेलात गुंडाळून जोरात पिळली की सकाळपर्यंत वाळते. दमट पॅड घालून निघालात तर दुपारपर्यंत पुळी उठलीच समजा.

घरून न्यायला हवं ते थोडंच: बसणारं हेल्मेट, जेलचे हातमोजे, साधा चष्मा किंवा गॉगल (संध्याकाळी नदीकाठी चिलटांचे थवे डोळ्यांत जातात), पाऊस आणि वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि एक पूर्ण बाह्यांचा थर. मे आणि सप्टेंबरात सकाळी दहा-बारा अंश असतात आणि दुपारी घाम येतो. सवयीची सीट असेल तर तीही न्या. वाटाड्या पाच मिनिटांत बसवून देतो. जेलचं सैल कव्हर मात्र नको. ते बसल्याबसल्या सरकतं आणि मांडी घासते.

पासाऊ: सायकल ताब्यात घेताना

डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या पासाऊला एकत्र येतात. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या पातळ्या नोंदवल्या आहेत. जून २०१३ चा पूर १२.८९ मीटरवर गेला होता, १५०१ नंतरचा सर्वांत मोठा. त्या खुणा पाहूनच निघा, म्हणजे नदी चढली की वाटाड्या वाट का बदलतो ते वेगळं सांगावं लागणार नाही. पाणी वाढलं की काठची वाट बंद होते, नावा थांबतात आणि गट रस्त्याने किंवा रेल्वेने पुढे जातो.

सायकल मिळाली की लगेच फोटो काढत बसू नका. पंधरा मिनिटं तिला द्या. आधी सीटची उंची: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चालवताना पंजा पेडलवर येतो, तेव्हा गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. वर असेल तर कंबर दोन्हीकडे डुलते आणि गुडघ्याची मागची बाजू धरते. उंची पटली की सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा. दुसऱ्या दिवशी कोणी चुकून तुमची सीट हलवली तर क्षणात जाग्यावर येते.

मग ब्रेक. तिकडच्या सायकलींना सहसा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आणि मागचा उजव्या हाताला असतो. घरच्या सायकलीचा कसा आहे ते पाहून जा, कारण गडबडीत हात जुन्या सवयीने दाबतो. त्याहून फसवा तो पायाचा ब्रेक. भाड्याच्या अनेक सायकलींच्या मागच्या चाकाच्या तुंब्यातच सात किंवा आठ गिअर असतात आणि पेडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याकडे थांबल्यावर पेडल मागे फिरवून पाय जुळवायची सवय असते. इथे तसं करता येत नाही, आणि चालत्या सायकलीवर केलंत तर मागचं चाक तिथेच अडकतं. थांबण्याआधीच एक पेडल वर आणून ठेवा. हे नको असेल तर फ्री-व्हीलची (पेडल मागे मोकळं फिरणारी) सायकल आरक्षणाच्या वेळीच मागा.

गिअर बदलण्याची रीतही वेगळी. तुंब्यातले गिअर बदलताना क्षणभर पेडल मारणं थांबवायचं. साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या गिअरमध्ये उलट: पेडल हलकं मारत राहायचं आणि चढ लागायच्या आधी बदलायचा. टायरमधली हवा बाजूवर छापलेल्या मर्यादेत ठेवा. रुंद टूरिंग टायरला साडेतीन ते साडेचार बार पुरतात. घंटी वाजते का, दोन्ही दिवे लागतात का, तेही आत्ताच पाहा.

रांगेत चालवणं

सर्वांत मोठा धोका पहिल्या सकाळी. तिकडे उजव्या बाजूने चालतात. सरळ वाटेवर हे लक्षात राहतं. खरी चूक होते ती थांबून पुन्हा निघताना आणि वळणावर समोरून अचानक सायकल आली की. त्या क्षणी आपला हात डावीकडे वळतो, समोरचा त्याच्या उजवीकडे वळतो आणि दोघं एकमेकांच्या अंगावर येतात. पहिले दोन दिवस प्रत्येक थांब्यानंतर ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणून निघा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा. पुढच्याला डावीकडून, घंटी वाजवून ओलांडा. वाटेतल्या लिंझ शहरात आणि व्हिएन्नात ट्रामचे रूळ आहेत. ते काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर चाक खाचेत बसतं.

रांगेत पुढच्याच्या चाकापासून दोन सायकलींचं अंतर ठेवा. थांबायचं असेल तर आधी हात करा, मोठ्याने सांगा, मग वाटेवरून पूर्ण बाजूला उतरा. गटातले बहुतेक अपघात मोटारींमुळे होत नाहीत. मध्येच फोटोसाठी थांबलेल्या माणसामुळे होतात.

अनेक वाटाडे फाट्यावर माणूस ठेवण्याची पद्धत वापरतात. प्रत्येक वळणावर वाटाड्यामागचा पहिला माणूस उभा राहतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि शेवटच्या माणसाबरोबर पुढे निघतो. पद्धत मोडते ती एकाच कारणाने. उभा माणूस ‘सगळे गेले असतील’ म्हणून निघून जातो. शेवटच्या माणसाच्या अंगात भडक जॅकेट असतं, ते दिसेपर्यंत हलायचं नाही, मग दहा मिनिटं लागोत. तुम्ही मागे राहिलात आणि फाट्यावर कोणीच नसेल तर स्वतः वाट शोधू नका, तिथेच थांबा. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा, पण चालवताना फोन हातात धरू नका. ऑस्ट्रियात त्याला दंड आहे. मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, रक्तात ०.८ प्रति हजार. द्राक्षमळ्यांच्या भागात दुपारच्या जेवणानंतर हे आठवावं.

वाटेवर

पासाऊहून श्लोगनपर्यंत सुमारे ४२ किलोमीटर. इथे नदी डोंगराला अडून जवळजवळ उलट वळते. उत्तर काठाची वाट या वळणाच्या कड्यापाशी तुटते, म्हणून त्या काठाने आलेल्यांना नाव घ्यावी लागते. नावांचं भाडं रोखीत द्यावं लागू शकतं, म्हणून सुटे युरो जवळ असू द्या.

लिंझच्या आधी ओटन्सहाइमला लागणारी नाव पाहण्यासारखी आहे. नदीवर आडवा पोलादी दोर ताणलेला असतो आणि नाव त्याला टांगलेली. नावाडी सुकाणू फिरवून नाव प्रवाहाला किंचित तिरकी करतो आणि पाण्याच्या रेट्यानेच ती पलीकडे सरकते. इंजिनाचा आवाज नाही, फक्त दोरावरच्या चाकांचा. सायकल ढकलत चढवा, स्टँडवर सोडून न देता हातात धरून ठेवा.

लिंझनंतर माउथहाउजन. इथे १९३८ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती. मुख्य छावणी आणि तिच्या उपछावण्यांमध्ये सुमारे १,९०,००० माणसं डांबली गेली आणि त्यांतली किमान ९०,००० मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतल्या १८६ पायऱ्या आजही आहेत. स्मारक गावाच्या वर, तीव्र चढावर आहे. कार्यक्रमात दोन तासांचा थांबा नसेल तर तो मागून घ्या. अर्ध्या तासात ‘उरकण्याची’ ही जागा नाही.

ग्राइनहून मेल्क साधारण ५० किलोमीटर. मेल्कचा मठ १०८९ चा आणि आजची इमारत अठराव्या शतकातली. सायकलचे बूट घालून दगडी जिन्यावर घसरायला होतं, साधी चप्पल जवळ ठेवा. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा पट्टा फक्त ३६ किलोमीटरचा आहे, पण दिवस इथेच घालवावा. युनेस्कोच्या यादीत तो २००० साली आला. उत्तर काठावर गावं, द्राक्षमळे, फरसबंदी आणि छोटे चढ-उतार. दक्षिण काठ शांत. फरसबंदीवर हँडल घट्ट धरू नका, कोपर सैल ठेवा, नाहीतर बोटं बधिर होतात. ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यावर ११९२-९३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड कैदेत होता. वर पायीच जावं लागतं.

हा भाग जर्दाळूंचा. आख्खं जर्दाळू पिठाच्या गोळ्यात भरून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. आपल्या उकडीच्या मोदकाची आठवण होतेच. शाकाहारींनी विचारून खावं, पिठात बहुधा अंडं असतं. सूप भाज्यांचं दिसलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो. ‘ओने फ्लाइश, ओने फिश’ म्हणजे मांस-मासे नको, ‘ओने आय’ म्हणजे अंडं नको. आयोजकाला आधी लेखी कळवलं असलं तरी रोज संध्याकाळी वाटाड्याला आठवण करा. रविवारी दुकानं बंद असतात. फळं, सुकामेवा, चिवडा शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

क्रेम्सच्या पुढे डोंगर संपतात आणि वारा फिरला तर तो इथे झोंबतो. समोरचा वारा असेल तर गिअर एक-दोन पायऱ्या हलका करा आणि रांग घट्ट धरा. पुढच्या माणसाच्या आडोशाला बराच जोर वाचतो. दक्षिण काठाने टुल्नला जाताना त्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीज केंद्र लागतं. १९७८ च्या सार्वमताने नाकारल्यामुळे बांधून तयार असूनही ते कधीच सुरू झालं नाही.

नदीकाठच्या किलोमीटरच्या पाट्या काळ्या समुद्रावरच्या मुखापासून मोजलेल्या आहेत. पासाऊजवळ २,२२५ च्या आसपास असलेला आकडा व्हिएन्नाच्या राइश्सब्रुके पुलापाशी १,९२९ वर येतो. दमलेल्या दुपारी हा उतरता आकडा फार आधार देतो.

व्हिएन्नात सायकली गाडीत चढायच्या आधी स्वतःची सीट, फोनचा स्टँड आणि हँडलवरची पिशवी काढून घ्या. चावी परत करताना सायकलीला काही इजा झाली असेल तर वाटाड्यासमोरच नोंदवून फोटो काढा, नाहीतर अनामत रकमेचा वाद परतल्यावर मेलवर चालवावा लागतो. वाटाड्याला आणि गाडीवाल्याला बक्षिशी द्यायची ती रोख आणि वेगवेगळ्या पाकिटांत. आदल्या संध्याकाळी तयार ठेवा. शेवटच्या दिवशी गाडीवाला बॅगा उतरवून लगेच परतीच्या वाटेला लागतो.